उन्हाळ्यात क्रॅपी जाते कुठे?

पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम ३१ जुलै १९५७ या तारखेचा आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, एनिड धरणावर, ५ पौंड ३ औंसांची, म्हणजे सुमारे २.३५ किलोची मासळी गळाला लागली आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. तारीख मुद्दाम सांगितली, कारण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत क्रॅपी वसंत ऋतूतली मासळी समजली जाते. डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली की क्रॅपी काठाला येते, हा तिथला पिढ्यानपिढ्यांचा ठोकताळा. त्या थोड्या आठवड्यांत लहानथोर सगळे काठावर गर्दी करतात, आणि मे सरला की बहुतेकांच्या काठ्या माळ्यावर जातात. उन्हाळ्यात क्रॅपी खात नाही, सुस्तावते, खोल कुठेतरी दडून बसते, असं सांगितलं जातं. एका विक्रमी माशावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरं. पण मिसिसिपीत पारा पस्तिशीच्या आसपास असतानाही क्रॅपी आमिष घेते, एवढं तर त्या मासळीने दाखवलं. मग बाकीच्या असतात कुठे? माझं म्हणणं असं की उन्हाळ्यात क्रॅपी तलावभर आडवी पांगते आणि त्याच वेळी पाण्याच्या एका अरुंद थरात उभी कोंडली जाते. हे ध्यानात घेतलं, तर संथ चालणाऱ्या होडीबरोबर क्रँकबेट नावाचं आमिष ओढत नेण्याची पद्धत, म्हणजे ट्रोलिंग, मोठ्या तलावावर सर्वांत तर्काला धरून का आहे ते कळतं.

आधी मासळीची ओळख. क्रॅपी गोड्या पाण्यातली, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली, सनफिश कुळातली; प्रसिद्ध लार्जमाउथ बास तिचा भाऊबंद. तिच्या दोन जाती आहेत. पांढरीच्या अंगावर उभे अस्पष्ट पट्टे असतात आणि गढूळ पाणी तिला चालतं. काळीच्या अंगभर काळे ठिपके विखुरलेले असतात आणि तिचा ओढा नितळ पाण्याकडे जास्त. अंग चपटं आणि रुंद, रंग रुपेरी, डोळे मोठे, आणि तोंडाची त्वचा इतकी पातळ की गळाला जोराचा हिसका बसला तर ओठ फाटून मासळी निसटते. लुइझियानात पांढऱ्या क्रॅपीला गोड्या पाण्यातल्या राज्यमाशाचा मान आहे. दहा-बारा इंचांची मासळी चांगली समजतात आणि ती लोक खाण्यासाठीच पकडतात. तिचे काटे काढलेले तुकडे मक्याच्या पिठात घोळून तळतात, आपण रवा लावून तळतो तसे. चवीला सौम्य, मांस पांढरंशुभ्र. वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोचलं की नर उथळ पाण्यात जागा साफ करून घरटं करतो, मादी तिथे अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत नर राखण करतो. काठावरची ती वार्षिक जत्रा याच काळातली. क्रॅपीला काठ आवडतो म्हणून ती तिथे येते असा समज झाला आहे. वस्तुतः काठ हे तिचं बाळंतपणापुरतं माहेर. वर्षातले बाकीचे महिने तिचा संसार आत, मोकळ्या पाण्यात असतो.

ते मोकळं पाणी केवढं असतं याची कल्पना येण्यासाठी मिसिसिपीच्या उत्तरेकडचे चार तलाव बघावेत: अर्काबुटला, सार्डिस, एनिड आणि ग्रेनेडा. १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेल्या महापुराने दक्षिणेतला केवढा तरी मुलूख बुडवला. त्यानंतर पूरनियंत्रणाचे जे मोठे कार्यक्रम आखले गेले, त्यातून याझू नदीच्या उपनद्यांवर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ही चार धरणं बांधली. सार्डिस १९४० मध्ये पुरं झालं, ग्रेनेडा १९५४ मध्ये. पूर साठवायला जागा हवी म्हणून शरदात यांचं पाणी सोडून देतात आणि वसंतात तलाव पुन्हा भरू देतात. हिवाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर झुडपं आणि गवत उगवतं, वसंतात त्यावर पाणी चढतं, आणि क्रॅपीच्या विणीला अशी बुडालेली झुडपं फार मानवतात. उन्हाळ्यात भरलेलं सार्डिस सुमारे ३२ हजार एकरांवर पसरलेलं असतं. तळ बराचसा सपाट आणि उथळ, पाणी गढूळ, मधूनमधून जुन्या ओढ्यांची बुडालेली पात्रं आणि कापलेल्या झाडांचे बुंधे. वसंतात या तलावावर मासा शोधायचा तर काठ धरून जाता येतं. उन्हाळ्यात काठ हा दुवाच तुटतो आणि उरतं ते चहूकडे सारखंच दिसणारं पाणी. उन्हाळ्यात क्रॅपी मिळत नाही ही तक्रार मुळात इथून येते. ती लोकांना वसंताच्या पत्त्यावर सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ.

पांगण्याचं कारण पोटाचं आहे. या तलावांत शॅड नावाचे रुपेरी लहान मासे अमाप असतात. आपल्या तारलीच्या गणातले, थव्याने फिरणारे, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर जगणारे. हे सूक्ष्म जीव वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबर हलतात, शॅड त्यांच्यामागे जातात आणि क्रॅपी शॅडच्या मागे. अन्न एका जागी थांबत नाही, म्हणून खाणाराही थांबत नाही. काल जिथे थवा होता तिथे आज तो असेलच असं नाही, आणि बुडालेल्या फांद्यांच्या ढिगाशी होडी बांधून बसणाऱ्याला उन्हाळ्यात हात हलवत परत यावं लागतं ते यामुळेच. काही क्रॅपी अशा ढिगांत आणि बुंध्यांत राहतात हे मान्य. पण मोठ्या, खादाड मासळ्यांचा मोठा हिस्सा मोकळ्यावर, तळ आणि पृष्ठभाग यांच्या अधेमधे तरंगत असतो.

उभ्या कोंडीचं कारण पदार्थविज्ञानात आहे. उन्हाने वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं थंड, जड पाणी खालीच पडून राहतं. दोघांच्या मधे एक सीमा तयार होते, जिथे थोड्या फुटांतच तापमान झपाट्याने उतरतं. या सीमेमुळे वरखाली मिसळणं थांबतं. खालच्या थराला हवेतला प्राणवायू मिळेनासा होतो, आणि तळाशी कुजणारा पालापाचोळा होता तोही संपवून टाकतो. म्हणजे खाली गारवा आहे पण श्वास घ्यायची सोय नाही. वर श्वास आहे पण उष्मा आहे, आणि उष्म्यामुळे प्राणवायूही कमीच: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसातपर्यंत उतरतो. मासा शीतरक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराचा खर्च वाढतो आणि एका मर्यादेपर्यंत भूकही वाढते. ती मर्यादा ओलांडली की खर्च वाढतच राहतो, भूक मात्र मंदावते. तेव्हा क्रॅपीला राहायला जागा उरते ती मधली: जितकं खाली जाता येईल तितकं जाऊन, पण प्राणवायूच्या रेषेच्या वर. खोल तलावात ही रेषा सोनारच्या, म्हणजे मासे शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या, पडद्यावर अनेकदा पुसट पट्ट्यासारखी दिसते आणि तिच्याखाली मासे जवळजवळ नसतात. सार्डिस-ग्रेनेडासारखा उथळ, वाऱ्याने ढवळला जाणारा तलाव असेल तर अशी स्पष्ट रेषा नेहमी सापडत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. तिथे वरून उन्हाचा ताप आणि खालून तळच इतका जवळ येतो की परिणाम तोच: पंधरा-वीस फूट पाण्यात क्रॅपी बहुधा आठ ते बारा-चौदा फुटांच्या दरम्यान आढळते. शिवाय तिचे डोळे वर बघायला सोयीचे आहेत. भक्ष्य डोक्यावरून गेलं तर ती वर झेपावते. पोटाखालून गेलेल्याकडे सहसा ढुंकून बघत नाही.

आता शिकाऱ्यापुढचं कोडं सरळ मांडता येतं. आडवी जागा हजारो एकरांची, उभी जागा चार-सहा फुटांची. त्यामुळे जे साधन एका ठरावीक खोलीला चिकटून राहील आणि आडवं भरपूर अंतर कापेल, तेच इथे उपयोगी. हिशेब करून पाहू. क्रॅपीसाठी क्रँकबेट ओढताना होडीचा वेग साधारण ताशी दीड ते दोन मैल ठेवतात. १.८ मैल धरा, आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब काठ्यांमुळे एका वेळी ४० फूट रुंदीचा पट्टा तपासला जातो असं धरा. तासाला पावणेनऊ एकरांच्या आसपास पाणी पालथं घातलं जातं. बारीक जिगा, म्हणजे शिशाचं डोकं असलेले गळ, किंवा जिवंत आमिष लोंबकळत ठेवून ताशी अर्ध्या मैलाने जाणाऱ्याचं त्याच वेळात जेमतेम अडीच एकर होतं, आणि एका जागी नांगर टाकणाऱ्याचं तर काहीच नाही. त्याच हिशेबाने आठ तास ट्रोलिंग केलं तरी सत्तर एकर होतात, म्हणजे सार्डिसचा साडेचारशेवा भाग. ट्रोलिंग म्हणजे तलाव गाळून काढणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. कुठून सुरुवात करायची, जुन्या ओढ्याचं पात्र धरायचं की सपाट तळाची कड, शॅडचे थवे सोनारवर कुठे दिसतात, हे ठरवायला डोकं लागतंच.

ट्रोलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोकण किनाऱ्यावरचा ट्रॉलर येतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही. ट्रॉलर तळ खरवडत जाळं ओढतो; इथे जाळं नाही, फक्त काठ्या, दोऱ्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक आमिष. क्रँकबेट हे ते आमिष: दोनेक इंच लांब, प्लॅस्टिकचं, पोकळ, शॅडच्या आकाराचं. पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे दोन गळ. तोंडाशी पारदर्शक प्लॅस्टिकची तिरपी पट्टी, आणि सगळी करामत त्या पट्टीची. आमिष सोडून दिलं तर तरंगतं. ओढलं की पट्टीवर पाण्याचा दाब येतो, तोंड खाली वळतं आणि ते सुळकन खोल जातं, जाताना डावीकडे-उजवीकडे भराभर थरथरतं. अनेकांच्या पोटात बारीक मणी असतात, ते खुळखुळतात. गढूळ पाण्यात क्रॅपीला लांबचं दिसत नाही, पण माशाच्या अंगावरची संवेदनशील रेषा पाण्यातली थरथर टिपते आणि ही थरथर तिथवर पोचते. बँडिट कंपनीचं ३०० क्रमांकाचं क्रँकबेट मिसिसिपीतल्या त्या चार तलावांवर इतकं रुळलं आहे की अनेकांच्या पेटीत दुसरं काही नसतं. रंगांची चर्चा तिथे तासन् तास चालते, गुलाबी की पोपटी की पांढरा. माझ्या मते ती चर्चा गरजेपेक्षा जास्त चालते. चुकीच्या खोलीवरून जाणारा योग्य रंग कुणाच्या दृष्टीस पडणार?

खोली हेच या पद्धतीचं मर्म, आणि ती कशी ठरते हे समजून घेण्यासारखं आहे. पट्टीच्या क्रँकबेटची खोली प्रामुख्याने मागे किती दोरी सोडली यावर ठरते. दोरी वाढवली की आमिष अधिक खोल जातं, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे दोरीवर येणारा पाण्याचा रेटा आमिषाला वर खेचू लागतो. याच कारणाने जाड दोरीवर तेच आमिष उथळ चालतं, बारीक दोरीवर खोल. साधारण दहा पौंडी तंगुसाची शंभर फूट दोरी सोडली तर त्या ३०० क्रमांकाच्या आमिषाला दहा-बारा फुटांची खोली मिळते. वेगाने खोली फार बदलते असा पुष्कळांचा समज आहे. पट्टीच्या आमिषाबाबत फरक पडतो तो थोडाच. शिसं बांधलेल्या आमिषाबाबत मात्र मोठा, कारण वेग वाढला की शिसं वर उचललं जातं. म्हणून जाणकार सोडलेली दोरी फुटांत मोजणारी रिळं वापरतात. आठ काठ्या असतील तर सुरुवातीला एकीची दोरी ८० फूट, दुसरीची १००, तिसरीची १२०, अशा सोडतात. एकाच लांबीवर लागोपाठ मासे लागले की बाकीच्या काठ्या त्या लांबीवर आणतात. एका तळ्यावर एका सकाळी केलेला हा प्रयोगच आहे, आणि त्याचं उत्तर दुपारपर्यंत बदलू शकतं.

वेगाचा प्रयोग याहून देखणा आहे. होडी सरळ न नेता हलकी वळणं घेत नेतात. डावीकडे वळताना डावीकडची आमिषं आतल्या बाजूला येतात, त्यांना कमी अंतर कापावं लागतं, म्हणजे त्यांचा वेग मंदावतो. उजवीकडच्यांना बाहेरून लांबचा फेरा पडतो, त्यांचा वेग वाढतो. मासा वळणाच्या आतल्या काठीला लागला तर क्रॅपीला संथ हवं आहे, बाहेरच्या काठीला लागला तर जलद. दर वळणाला तलाव उत्तर देतो; ते ऐकणाऱ्याने पुढच्या सरळ टप्प्यात वेग ताशी दशांश-दोन दशांश मैलाने वरखाली करायचा. आजच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी उपग्रहाच्या आधारे ठरवलेला वेग धरून ठेवतात, त्यामुळे इतका बारीक फरक शक्य होतो. पण सगळं यंत्रावर सोडून चालत नाही. काठीचा शेंडा बघत राहावं लागतं. आमिष नीट चालत असेल तर शेंडा एका लयीत थरथरत असतो. थरथर थांबली तर गळात पान किंवा गवत अडकलं आहे आणि ती काठी मासा धरण्याच्या कामाची उरलेली नाही, मग ती तासभर पाण्यात असली तरी. आमिष सारखं एका बाजूला पळत असेल तर तोंडावरची तारेची कडी चिमट्याने केसभर उलट बाजूला वाकवावी लागते. मासळी लागते तेव्हा शेंडा एकदम मागे ओढला जातो. त्या क्षणी हिसका द्यायचा नसतो. होडीच्या चालीनेच गळ रुततो, आणि पातळ ओठ फाटू नये म्हणून काठी लवचीक हवी. होडी न थांबवता एकसारखं ओढत आणायचं आणि लांब दांड्याच्या जाळीत अलगद घ्यायचं.

याचा एक दुसरा प्रकारही चालतो. आमिषं मागे लांब न सोडता होडीच्या नाकाकडून चौदा-सोळा फुटी काठ्या पुढे पसरवतात, दोरीला दोन-तीन औंसांचं, म्हणजे साठ-पंचाऐंशी ग्रॅमचं शिसं बांधतात, आणि त्याच्या मागे थोड्या फुटांवर क्रँकबेट ठेवतात. दोरी जवळजवळ उभी उतरते, खोली बऱ्यापैकी अचूक कळते, आणि बुंधा आला तर पटकन चुकवता येतो. ग्रेनेडासारख्या बुंध्यांनी भरलेल्या पाण्यात हा प्रकार सोयीचा. मोकळ्या सपाटीवर मागे लांब सोडणं सोपं.

या पद्धतीवरचा आक्षेप पहिला: हे यांत्रिक काम आहे, यात मासेमारीची कला कुठे? होडी चालते, काठ्या खोबणीत उभ्या, माणूस नुसता बसलेला. वर सांगितलेलं खरं असेल तर या आक्षेपात फारसा दम नाही. हातात काठी धरून बसणं ही कला आणि दोरीची लांबी, जाडी, वेग, वळण, वारा यांचा मेळ घालणं ही नुसती यंत्रं, असा भेद करता येणार नाही. दोन होड्या एकाच तलावावर एकाच आमिषाने फिरतात, एकीला पंचवीस मासे लागतात, दुसरीला तीन. फरक मोजणीचा आणि निरीक्षणाचा असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१८ साली गार्मिन कंपनीने लाइव्हस्कोप नावाचं सोनार बाजारात आणलं आणि पाण्यातला एकेक मासा हलताना पडद्यावर दिसू लागला. मासा दिसत असताना अंदाजाने पाणी चाळायचं कशाला? ज्याला एकच मोठी मासळी हवी आहे, त्याच्यासाठी हा युक्तिवाद मला पटतो. पण त्या उपकरणाचा झोत अरुंद असतो, त्याने एका वेळी लहानसा तुकडाच दिसतो, आणि पांगलेल्या मासळ्या एकेक करून शोधत फिरावं लागतं. किंमतही हजारो डॉलरांत जाते. ट्रोलिंगला डोळे पडद्याला चिकटवून ठेवावे लागत नाहीत. होडीत आजोबा आणि नातवंडं असतील तर सगळ्यांच्या वाट्याला काठी येते. घरच्या जेवणापुरते मासे हवे असणाऱ्याला अजूनही हीच पद्धत जवळची, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप मासळीच्या बाजूचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो: इतकं परिणामकारक साधन, तेही उन्हाळ्यात, क्रॅपीचा नायनाट तर करणार नाही? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. क्रॅपी अल्पायुषी आहे. सात-आठ वर्षांपलीकडे फार थोड्या जगतात. एखाद्या तलावात ती किती असेल हे मुख्यतः त्या-त्या वसंतात किती पिल्लं तगली यावर ठरतं, आणि ते पाण्याच्या पातळीवर बरंचसं अवलंबून असतं. वसंतात पाणी चढलेलं असेल तर चांगली पिढी येते, ओसरलेलं असेल तर पडती. म्हणून मर्यादेत राहून खाण्यासाठी पकडणं हे या मासळीच्या बाबतीत पाप नाही. लहान तळ्यांत तर गर्दी वाढून ती खुरटते. खरी चिंता दुसरीकडे आहे: पकडून सोडलेल्या मासळीची. क्रॅपीच्या हवेच्या पिशवीला बाहेर वाट नसते, त्यामुळे खोलातून झटकन वर आणलं की पिशवी फुगते. गोड्या पाण्यात ३४ फुटांच्या आसपास दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून आणलेल्या मासळीतली हवा दुप्पट होऊ पाहते. ट्रोलिंगच्या दहा-पंधरा फुटांवर तो दाब सुमारे सव्वा ते दीड पट असतो, म्हणजे ही इजा बरीच कमी. पण उन्हाळ्यात तीस अंशांवर गेलेल्या वरच्या पाण्यातून ओढत आणलेली, सहा काटे असलेल्या आमिषाने धरलेली, मग उन्हात हाताळलेली मासळी सोडून दिली तरी जगेलच याची खात्री कुणी देऊ नये. धरलेल्या मासळ्या टाकीत ठेवून दिवसभर लहान काढायच्या आणि मोठ्या भरायच्या, ही सवय उन्हाळ्यात तरी सोडायलाच हवी. ठरावीक लांबीखालची क्रॅपी ठेवायला जिथे बंदी असते, तिथे लहान सोडाव्या लागणारच. त्या पाण्यातच गळ काढून, ओल्या हाताने, लगेच सोडाव्यात. लहान मासळ्याच लागत असतील तर ते पाणी सोडून पुढे जावं. आणि नियमात बसणारा दिवसाचा वाटा भरला की काठ्या उचलाव्यात. उन्हाळ्यात मजेसाठी पकडत-सोडत राहणं मासळीला वाटतं तितकं स्वस्त पडत नाही.

महाराष्ट्रात क्रॅपी नाही आणि ती आणूही नये. परक्या माशाने स्थानिक पाण्याचं काय होतं, हे उजनीच्या मच्छिमारांना तिलापियाने पुरेसं शिकवलं आहे. पण टेनेसी, मिसिसिपी, जॉर्जिया, टेक्सास इथे आज बरीच मराठी कुटुंबं राहतात, आणि मेम्फिसहून सार्डिस तासाभराच्या अंतरावर आहे. त्यांच्यापैकी कुणाला या उन्हाळ्यात जावंसं वाटलं तर पहाटे निघावं, उन्हाची टोपी आणि भरपूर पाणी बरोबर ठेवावं, होडीत प्रत्येकाने जीवरक्षक जॅकेट घालावं. त्या राज्याचा मासेमारीचा परवाना आधी काढावा. एका माणसाने किती काठ्या लावायच्या, किती मासळ्या ठेवायच्या आणि किती लांबीच्या, हे नियम राज्यागणिक आणि तलावागणिक वेगळे असतात आणि वर्षागणिक बदलतात. राज्याच्या वन्यजीव विभागाच्या ताज्या पुस्तिकेत ते पाहूनच होडी पाण्यात घालावी.